पाय टेकला

मंगळवार, रात्र

आज झालं काहीच नाही. कुणाचा धक्का लागला नाही, मी पडले नाही, कुणी वाकडं बोललं नाही. तरी पुष्पराज चौकाच्या पुढे पाय टेकला तो टेकलाच. सायकल हातात धरून चालत घरी आले, गाडीची चावी घेतली आणि ऑफिसला गेले. ह्यांनी बघितलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर...

जाऊ दे.

सांगायचं तरी काय? कडेला टेंपो उभा होता. त्याला वळसा घालायला मी हातभर मधे आले, तेवढ्यात मागून डंपर गेला. अंगावरून नाही, शेजारून. त्याच्या वाऱ्यानं आधी हँडल बाहेर ढकललं आणि तो पुढे सरकताच आत ओढलं. एवढंच. पण बोटं ब्रेकवरून सुटेनात.

सायकलनं ऑफिसला जायचा तिसराच दिवस होता. गावभाग ते विश्रामबाग, जेमतेम चार किलोमीटर. चढ नाही, घाट नाही, सगळी सांगली तळहातासारखी सपाट. विलिंग्डन कॉलेजला असताना हाच रस्ता मी पाच वर्षं केला, कॅरिअरला जर्नल लावून. माझी मैत्रीण सुमाही सायकलनंच यायची. परतताना आम्ही दोघी शेजारी शेजारी, बोलत, मार्केट यार्डापर्यंत. तीच मी. आज पन्नाशीला टेकल्यावर रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभी राहिले आणि डोळे भरून आले. भ्याले मी. दिवसभर त्याला दुसरा शब्द शोधत होते. सवय नाही, झोप झाली नव्हती, गुडघा दुखत होता. नाही. भ्यालेच.

संध्याकाळी अनू नववीचं विज्ञान घेऊन बसली होती, 'कार्य आणि ऊर्जा'. वेग दुप्पट केला तर गतिज ऊर्जा किती पट? चारपट, तिनं लिहूनसुद्धा टाकलं. मी तिच्या वहीकडे बघत राहिले. 30 नं येणारी गाडी 60 नं आली तर दुप्पट नाही, चारपट जोरानं आदळणार. ब्रेक लागल्यावर थांबायलाही चारपट अंतर. 60 म्हणजे सेकंदाला 16-17 मीटर. चालवणाऱ्याला मी दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गाडी तेवढी पुढे आलेली. सूत्र मला कॉलेजातही पाठ होतं. आज ते पाठीला कळलं.

मघाशी वाचलं, 2020 साली स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेची जागतिक परिषद झाली. जिथे सायकली, पायी चालणारे आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तिथे वेग 30 च्या वर नको, असं तिथल्या जाहीरनाम्यात आहे. वाचून हलकं वाटलं. म्हणजे माझं भिणं वेडेपणाचं नव्हतं. मन घाबरट झालंय असं सकाळपासून धरून बसले होते, तसं नाही. आम्ही तेव्हा फार धीट होतो असंही नाही. भ्यायला एवढं काही नव्हतं.

रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला तेव्हा आपण सगळेच खूश झालो होतो. मीसुद्धा. समोरून येणाऱ्याची भीती गेली, म्हणून मागून येणारा सुसाट झाला. वाढलेली कडेची जागा उभ्या गाड्यांनी घेतली. सायकलवाल्याला राहिली ती त्या दोहोंमधली फट.

अनूची सायकल दोन वर्षं जिन्याखाली आहे. जूनमध्ये तिनं क्लासला नेऊ का विचारलं, मी नको म्हणाले, मी सोडते म्हणाले. सातच्या क्लासला गेटपाशी माझ्यासारख्या तीस-चाळीस आया आणि बाबा, तितक्याच गाड्या. ती गर्दी बघून आणखी एखादी आई आपल्या मुलीला नको म्हणत असणार. हे आज पहिल्यांदा दिसलं. आणि गेल्या आठवड्यात मार्केट यार्डापाशी तो शाळेतला मुलगा, सायकलवर, माझ्यापुढे. मला उशीर झाला होता. मी हॉर्न वाजवला. तो मुरमात उतरला. मी मागं वळून बघितलं नाही.

सकाळपासून ते हँडल आठवतंय. त्याच्या हातातलं कसं हललं असेल?

रविवारी सहाला हरिपूरला जाईन, संगमापर्यंत. अनूलाही नेईन. त्या वेळी रस्ता मोकळा असतो. छान वाटेल, माहीत आहे. पण ते फिरणं झालं. मला कामाला जायचं होतं सायकलनं, भाजी आणायची होती, पोस्टात जायचं होतं. ते इतक्यात होणार नाही, हे आज रात्री कबूल करते. उगाच जीव टांगणीला लावून धीटपणा दाखवण्यात अर्थ नाही, अनूसमोर तर नाहीच.

उद्या गाडीनंच जाईन. विश्रामबागेपर्यंत काटा 30 च्या वर जाऊ देणार नाही, आणि पुढे सायकल असली तर तिच्या मागेच राहीन, जागा मिळेपर्यंत. दहा मिनिटं आधी निघायला हवं. मागून हॉर्न वाजतील.