सामान कमी, सूचना जास्त

इन्स्टॉलेशन, म्हणजे जागाच व्यापणारी मांडणी, करणाऱ्या कलाकाराला परदेशी रेसिडेन्सी (काही काळ तिथे राहून काम करायची संधी) मिळाली की अभिनंदनापाठोपाठ प्रश्न येतो: नेणार काय? चित्रकार कॅनव्हास गुंडाळतो आणि निघतो. माझ्या कामाला लाकूड, दोर, पत्रा आणि वर एक अख्खी खोली लागते.

लाकडी पेटीतून सामान पाठवायचं तर पेटीवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवा. त्यासाठी लाकूड बहुतेकदा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात, कीड सीमेपार जाऊ नये म्हणून. काम परत आणायचं असेल तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान जकात न भरता तात्पुरतं नेण्या-आणण्याचं कागदपत्र, फार तर वर्षभर चालणारं. त्यात एकेका वस्तूची नोंद, किमतीसकट. गुंता झालेल्या जुन्या दोरांची किंमत काय लिहायची? आणि गुंता सोडवला तर ती वाढते की कमी होते?

म्हणून यंदा मी फक्त सूचनांची वही नेतेय. अमेरिकी कलाकार सोल लेविटची १९६८ पासूनची भित्तिचित्रं मुळात सूचनाच होत्या, रेघा ओढायला बहुधा दुसऱ्यांचे हात. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराच्या १९९१ च्या एका कामात १७५ पौंड वजनाचा, खाऊच्या गोळ्यांचा ढीग असतो. लोक गोळी उचलून नेतात, ढीग पुन्हा भरता येतो. असं काम विमानात बसवावंच लागत नाही. माझं तितकं सुटसुटीत नाही, कारण दोर कुठला मिळतो त्यावर गाठ ठरते. पण मला तेच बघायचंय.

ही रेसिडेन्सी अदलाबदलीची असल्यामुळे तिकडची शिल्पकार माझ्या स्टुडिओत राहणार. शिडी, ड्रिल, पकडी सगळं तिला मोकळं. चांगली कात्री मात्र मी कुलपात ठेवणार आहे.