मक्याच्या मुळाची टोपी

"बाई, बी उलटं पडलं तरी मूळ खालीच जातं. त्याला खाली कळतं कसं?" आठवीतल्या मुलीचा प्रश्न. गुरुत्वानुवर्तन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेला धरून वाढणं, हा शब्द मी फळ्यावर लिहिला, पण तो उत्तर नव्हता. घरी जाऊन मका भिजत घातला.

पहिला प्रयत्न वाया गेला. मोड आलेले दाणे टाचणीनं थर्माकोलला टोचून बरणीत आडवे लावले, तळाशी ओला कापूस ठेवला. मुळं वळली, पण खाली वळली की ओलीकडे? मूळ ओलही शोधतं. मग बरणीला आतून सगळीकडून ओला टीपकागद लावला, झाकण लावून ती अंधाऱ्या कपाटात ठेवली.

या वेळी मुळांवर मिलिमीटर-मिलिमीटरवर शाईच्या रेघा ओढल्या होत्या. सकाळी आडवी ठेवलेली मुळं संध्याकाळपर्यंत वळली. बाक अगदी टोकाला नव्हता, जरा मागे होता. तिथे वरच्या कडेला रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या, खालच्या कडेला जवळजवळ. आडव्या मुळात ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जमतं आणि मुळात ते वाढलं की त्या बाजूची वाढ मंदावते. वरची बाजू लांबत राहते, म्हणून मूळ खाली झुकतं. खोडात याच्या उलट होतं.

वळतं मागे, पण कळतं कुठे? टोकाला मूलटोपी असते. तिच्या मधल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं केलं की ते घरंगळून पेशीच्या नव्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खाली कुठे ते कळतं. १९०० साली हाबरलांट आणि न्येमेत्स या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हे मांडलं. टोपी काढली तर मुळाला खाली कळतं का, ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

मक्याची टोपी सुईनं अलगद सुटते, पण हात बसावा लागतो. सुरुवातीची कितीतरी टोकं चिरडली. शेवटी भिंगाखाली सहा मुळांच्या टोप्या नीट निघाल्या. शेजारी टोपीवाली सहा. रात्री उघडून पाहिलं तर टोपीवाली खाली वळलेली, आणि बिनटोपीची वाढलेली, पण सरळ आडवीच. त्या आडव्या मुळांकडे मी किती वेळ बघत बसले!

दोन दिवसांनी तीही खाली वळू लागली होती. टोपी पुन्हा येते.

बरणी शाळेत नेली. त्या मुलीनं ती हातात घेतली आणि न विचारताच कुशीवर आडवी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी मुळांना आणखी एक बाक आला होता.