उन्हाळ्यात टिकलेली कर्व्ह थंडीत का डगमगली? ५८००एक्सची पुढील नोंद

मागील नोंद मे महिन्यातली होती. बाहेर ४५ अंश असताना माझ्या संगणकाचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर ८५ अंशांच्या आत कसा राहिला, हे तिच्यात सविस्तर आले होते आणि तो विषय तिथेच संपला असे मी धरून चाललो होतो. डिसेंबरात रात्रीचा पारा १२ अंशांवर उतरला आणि हेच यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊ लागले. निळा पडदा नाही, त्रुटीचा संदेश नाही. मॉनिटर काळा व्हायचा आणि थेट मदरबोर्डचे बोधचिन्ह उमटायचे. उन्हाळ्यात तावून सुलाखून घेतलेली मांडणी थंडीत अस्थिर व्हावी, हे आपल्यापैकी कोणालाही उफराटे वाटेल. त्याचा उलगडा आता झाला आहे आणि त्यात प्रोसेसरइतकाच आमच्या गावच्या डीपीचाही (वीज वाटणाऱ्या रोहित्राचाही) वाटा आहे.

संदर्भासाठी मांडणी पुन्हा देतो. उन्हाळ्यात पीपीटी, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या शक्तीची मर्यादा, मूळ १४२ वॅटवरून ११५ वॅटवर आणली होती, तापमानाची मर्यादा ८५ अंश होती, दोन तारांकित (सर्वांत सरस ठरलेल्या) कोअरना कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे कोअरनिहाय व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सोय, उणे १५ आणि उरलेल्या सहा कोअरना उणे २० दिलेला होता. दिवाळीनंतर पीपीटी परत १४२ केली. बाकी कशालाही हात लावला नाही. पूर्ण भारात प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण ५५ अंशांनी वर राहतो, म्हणजे २२ अंशांच्या खोलीत तो ७७ च्या आसपास असतो. या थंडीत उष्णतेवर संशय घेण्यास काहीच जागा नव्हती.

पहिली अडचण अशी की विंडोज प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ ही एकच नोंद करते, मग वीज गेलेली असो वा प्रोसेसर कोलमडलेला असो. यासाठी आपल्याकडे एक नेहमीचा उपाय सांगितला जातो: बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र बंदच राहील अशी सोय करायची, त्यानंतरही ते आपोआप सुरू झाले, तर दोष वीजपुरवठ्याचा नाही असे मानायचे. मी तसे केले आणि यंत्र दर वेळी आपोआप सुरू होत राहिले. हा निकष येथे लागू पडत नाही, हे मला नंतर कळले. वीज काही मिलिसेकंदांपुरतीच गेली, तर एसएमपीएसची (संगणकाच्या वीजपुरवठा पेटीची) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन जिवंत राहते, फक्त पॉवर-गुड, म्हणजे वीज ठीक असल्याचा, संकेत क्षणभर पडतो आणि मदरबोर्डला तो साधा रीसेट वाटतो. वीज गेली होती हे बोर्डाला कळतच नाही.

खरा धागा हाती लागला तो रीस्टार्टचे दोन ढीग वेगळे केल्यावर. काही रीस्टार्टनंतर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर १८ ही हार्डवेअर दोषाची नोंद, म्हणजे प्रोसेसरच्या आतला कॅश हायरार्की एरर, दिसत होता. काहींच्या मागे ४१ शिवाय काहीच नव्हते. वेळा जुळवून पाहिल्या तेव्हा चित्र स्वच्छ झाले. डब्ल्यूएचईए असलेले रीस्टार्ट यंत्र जवळजवळ रिकामे असताना, उशिरा रात्री किंवा पहाटे, होत होते. नोंद नसलेले रीस्टार्ट संध्याकाळी ७ ते १० च्या दरम्यान, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही भारात असतानाच होत होते. संगणक भारात बंद पडला म्हणजे ओव्हरक्लॉक (प्रोसेसरच्या वेग-व्होल्टेजशी केलेली छेडछाड) कच्चा, असे आपण सर्रास म्हणतो. येथे भारात पडणाऱ्या रीस्टार्टचा ओव्हरक्लॉकशी संबंधच नव्हता.

आधी त्या संध्याकाळच्या ढिगाविषयी. रब्बीच्या दिवसांत गहू आणि हरभऱ्याचे ओलीत सुरू असते आणि गावाला लागून असलेल्या विहिरींवरचे पंप आमच्याच डीपीवर आहेत. संध्याकाळी घराघरांतला भार त्यात मिसळला की मल्टिमीटरवर १७५ ते १८५ व्होल्ट दिसतात. माझे यंत्र घरच्या इन्व्हर्टरवर होते आणि त्याचे बटण यूपीएस स्थितीत होते. या स्थितीत बहुतेक घरगुती इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली दाब गेला की बॅटरीवर उडी मारतात आणि दाब सावरला की परत येतात. म्हणजे दाब नेमका त्या सीमेवर घुटमळत असताना इन्व्हर्टर संध्याकाळभर खाट-खाट करत राहतो आणि प्रत्येक बदलात १० ते २० मिलिसेकंदांची पोकळी पडते.

ही पोकळी भरून काढण्याचे काम एसएमपीएसच्या प्राथमिक कपॅसिटरचे असते. एटीएक्सच्या जुन्या मानकानुसार पूर्ण भारात त्याने सुमारे १६ मिलिसेकंद तग धरणे अपेक्षित आहे, आणि भार कमी तितका हा काळ वाढतो. माझा एसएमपीएस ५५० वॅटचा. रेंडरच्या (चित्रफीत तयार करण्यासारख्या जड कामाच्या) वेळी त्याच्यावरचा भार ४०० वॅटच्या घरात जातो. नवा असता तर या भारात सुमारे २२ मिलिसेकंद मिळाले असते, पण कपॅसिटर जुना झाल्यावर त्यातले किती उरतात याची खात्री कोण देणार? यंत्र रिकामे असताना भार जेमतेम ८० वॅट असतो, म्हणून तेव्हा इन्व्हर्टर कितीही वेळा खटकला तरी काहीच बिघडत नाही. उन्हाळ्यात पीपीटी कमी होती आणि ओलिताचे पंपही बंद होते. दिवाळीनंतर या दोन्ही गोष्टी एकदमच उलटल्या.

पडताळणी सोपी होती. एसएमपीएसवरचे लेबल १०० ते २४० व्होल्टचे असल्याची खात्री करून यंत्र इन्व्हर्टरवरून काढले आणि थेट लाइनवर जोडले. मीटरवर १७२ व्होल्ट दिसत असतानाही संपूर्ण रेंडर विनाखंड पार पडला. दाब घटला की एसएमपीएसमधले ॲक्टिव्ह पीएफसी हे सर्किट भिंतीतून जास्त प्रवाह ओढते. ४०० वॅटसाठी २३० व्होल्टवर १.७ अँपिअर लागत असतील, तर १७२ वर २.३ लागतात. एसएमपीएस थोडा अधिक तापतो, इतकेच. तो रेंडर संपताना पाहण्यात जो आनंद होता, तो सिनेबेंच या वेगचाचणीच्या कोणत्याही गुणांत नाही. ज्यांच्या एसएमपीएसच्या लेबलवर २०० ते २४० एवढेच छापलेले असेल, त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये.

आता रात्रीच्या ढिगाकडे. डब्ल्यूएचईए १८ च्या तपशिलात प्रोसेसर एपीआयसी आयडी (दोष कुठे झाला ते सांगणारा क्रमांक) कधी ८, तर कधी ९ होता. एसएमटी चालू असल्याने, म्हणजे एक कोअर दोन धाग्यांसारखा वागत असल्याने, या आकड्याला दोनाने भागले की कोअर मिळतो. म्हणजे दोन्ही वेळा कोअर ४. हा कोअर तारांकित नाही, त्यामुळे त्याला उणे २० मिळालेले होते. थंडीचा संबंध येथे येतो. झेन ३ (५८००एक्सची पिढी) चे बूस्ट, म्हणजे वेगाची आपोआप होणारी वाढ, तापमान पाहून ठरते. सिलिकॉन थंड असले की एकेकटा कोअर अधिक वर चढतो. एचडब्ल्यूइन्फो या मापक प्रोग्रामच्या नोंदीत मेमध्ये जो कोअर ४.७५ गिगाहर्ट्झच्या आसपास थांबत होता, तोच आता ४.८५ ला स्पर्श करतो. कर्व्हचा प्रत्येक टप्पा साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा धरला, तर उणे २० म्हणजे ६० ते १०० मिलिव्होल्ट वजा झाले. ४.७५ वर ती वजाबाकी पचत होती. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी लागणारा व्होल्टेज मात्र एकदम चढा असतो आणि तिथे हा कोअर उपाशी पडत होता.

नवख्या मित्रांचा येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. हलक्या कामात १.४५ व्होल्ट दिसला की काही जण घाबरून सगळ्या कोअरचा व्होल्टेज स्थिर करून टाकतात. त्या क्षणी प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून तो आकडा या पिढीसाठी नेहमीचा आहे. पूर्ण भारात तो स्वतःच १.२५ च्या आसपास उतरतो. हाताने स्थिर केलेला १.३५ व्होल्ट पूर्ण भारात अधिक वाईट, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १.२५ वरून १.३५ म्हणजे व्होल्टेज ८ टक्क्यांनी वाढला, पण उष्णता जवळपास १७ टक्क्यांनी.

कोअर ४ आता उणे ८ वर आहे. कोअरसायकलर (एकेका कोअरला ताण देणारी चाचणी) त्याच्यावर रात्रभर चालवला, पण खरे सांगायचे तर उणे २० वरही ही चाचणी निर्विघ्न पार पडत होती, कारण सलग भार या दोषाला उघडे पाडत नाही. त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवून, खोली थंडगार करून, यंत्राला पहाटेपर्यंत फाइल कॉपी आणि ब्राउझरसारखी तुटक कामे देणे अधिक कठोर ठरते. त्यातून ते आता डब्ल्यूएचईएशिवाय बाहेर पडत आहे.

पुढचा बेत सर्व्हो स्टॅबिलायझर (मोटरने दाब सलग सावरणारा) घेण्याचा होता. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने त्याऐवजी रिले पद्धतीचा स्वस्त नमुना गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. रिले टॅप बदलतानाही क्षणिक पोकळी पडते, हे त्यांच्या गावीही नव्हते. पण वरचे गणित लिहिता लिहिताच वाटू लागले आहे की पैसे चुकीच्या जागी जात आहेत. मोठा प्राथमिक कपॅसिटर असलेला ७५० वॅटचा एसएमपीएस घेतला, तर ४०० वॅटच्या भारात तग धरण्याचा काळ ३० मिलिसेकंदांच्या जवळ जाईल आणि यंत्र परत इन्व्हर्टरवर नेता येईल, जे खरोखर वीज जाते तेव्हा हवेच आहे. स्टॅबिलायझर त्यामुळे तूर्त बाजूला. नवा एसएमपीएस येईपर्यंत संध्याकाळसाठी ८८ वॅट पीपीटीचे वेगळे प्रोफाइल बायोसमध्ये जतन केले आहे. मार्चअखेर खोलीचा कूलर वाळ्याच्या नव्या ताट्यांसह सुरू झाला की ११५ वॅटचे जुने प्रोफाइल परत येईल, आणि तेव्हा कोअर ४ ला उणे ८ वरच ठेवून सिनेबेंचमध्ये किती गुण जातात, ते मोजून कळवीन.