सेमिनार युरोपात, डोकेदुखी मुलुंडात

मुलुंडच्या वन बीएचकेत बसून मी युरोपातल्या सरकारी बाबूंसाठी कायद्याचे ट्रेनिंग सेमिनार प्लॅन करते, आई मात्र शेजारच्या काकूंना अजून "कॉम्प्युटरचं काहीतरी करते" एवढंच सांगते.

यंदाचा विषय सरकारी खरेदी, म्हणजे आपलं टेंडर हो. त्यावर 2014 चं ईयूचं, म्हणजे युरोपियन युनियनचं, डायरेक्टिव्ह आहे, पण ते जीडीपीआरसारखं (तो त्यांचा लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा) थेट लागू होत नाही, प्रत्येक देशाने आपापल्या कायद्यात उतरवून घ्यायचं, म्हणजे देश 27 तर कायदेही 27, आणि एकच पीपीटी सगळीकडे फिरवली की लिस्बनवाला विचारणारच, आमच्याकडे अपील कुठे करायचं?

दुभाष्यांचं वेगळंच. एका बूथमध्ये दोघं लागतात, अर्ध्या तासाने आलटूनपालटून, कारण सलग ऐकत ऐकत बोलायचं म्हणजे डोक्याचा भुगा. आमचे सर म्हणतात एकात भागव. कसं भागवू? चार भाषा धरल्या तरी आठ माणसं झाली की!

आणि तारखा! मे मध्ये फ्रान्सला 1 आणि 8 दोन्ही सुट्ट्या, ऑगस्टात इटलीत कोणी जागेवर सापडेल तर शपथ. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, ब्रसेल्सशी साडेतीनचा फरक साडेचार झाला, मी विसरले आणि सोमवारी दीड वाजता जेवण अर्धवट टाकून कॉलवर एकटीच बसले, केस विंचरून, लिपस्टिक लावून. अडीचला मंडळी उगवली तोवर आमटीवर साय धरली होती.