आमची वाटचाल : बंद जिनिंगमधले नवे काम

इमारतींच्या दुरुस्तीचा आमचा व्यवसाय वडिलांनी सुरू केला, तेव्हा जळगाव जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बहुतेक कामे जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचीच असत. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला, खानदेशच्या कापसाला मागणी आली आणि पुढे रेल्वेच्या आधाराने असे कारखाने उभे राहत गेले. त्यांपैकी कित्येक वर्षे कुलूपबंद असलेला एक कारखाना पाडण्याचे काम आमच्याकडे आले.

मोजमापासाठी आत गेलो, तर छताच्या सागवानी कैच्यांच्या सांध्यांत रुईचे पुंजके अजून अडकलेले होते आणि सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या ओळीपुढची फरशी त्यांत कापूस टाकणाऱ्या बायांच्या पावलांनी खोलगट झाली होती. ती फरशी उखडायला माझे मन धजेना. कोचीत १८६७ सालच्या अ‍ॅस्पिनवॉल कंपनीच्या जुन्या वखारींत २०१२ साली बिनाले हे कलाप्रदर्शन भरले, हे मला ठाऊक होते. इमारत पाडण्याऐवजी आम्हाला भाड्याने द्या, अशी मी मालकांना विनंती केली आणि त्यांनी ती मानली.

सुरुवातीलाच आमच्या हातून मोठी चूक झाली. चुन्यात बांधलेल्या भिंतींना आम्ही घाईने सिमेंटचा गिलावा केला. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेरही टाकते. सिमेंटने ती वाट बंद केली, त्यामुळे एकाच पावसाळ्यात गिलावा पापुद्रे सुटून पडला आणि आतल्या विटा भुसभुशीत झाल्या. सगळे खरवडून, चुना भिजवून-मळून काम पुन्हा करावे लागले. त्या वर्षी नफा उरला नाही, पण जुन्या भिंतीला आम्ही त्यानंतर कधी सिमेंट लावले नाही.

पत्र्याखाली आवाज फार घुमत असे. पिंजाऱ्यांकडून कापसाच्या जाड गाद्या भरून घेऊन आम्ही त्या छताखाली टांगल्या, आणि वहीगायन या खानदेशी लोकगायनाच्या पहिल्या कार्यक्रमात अहिराणीचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

आज येथे मूर्तिकार, छापखाना आणि नाटकाच्या तालमी एकाच आवारात नांदतात. कलावंतांकडून आम्ही भाडे कमी घेतो, कारण बाजारभाव लावला तर सर्वांत आधी तेच बाहेर पडतील. रुईच्या गाठी दाबण्याचा जुना प्रेस मात्र जागेवरून हलवलेला नाही. जुने कामगार शनिवारी येतात आणि १७० किलोची गाठ कशी बांधली जाई, ते शाळेच्या मुलांना हाताने दाखवतात.