शपथ दिली कोणी, घेतली कोणी

२० जानेवारी २००९, मंगळवार. वॉशिंग्टनमधले दुपारचे बारा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा. आमच्या डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पानं त्याआधीच सुटायची, त्यामुळे बराक ओबामांच्या शपथविधीची बातमी मी संध्याकाळपासूनच लिहून ठेवत होते. उपसंपादक म्हणून मी तशी नवीनच होते आणि आंतरराष्ट्रीय पान पहिल्यांदाच एकटीकडे आलं होतं.

वृत्तसंस्थांच्या इंग्रजी मजकुरात एकच शब्दजोडी पुन्हा पुन्हा येत होती, ‘स्वॉर्न इन’. मी मथळा दिला: ‘ओबामा शपथबद्ध’. छान, आटोपशीर वाटला. वृत्तसंपादक मागे येऊन उभे राहिले.

“शपथबद्ध म्हणजे काय गं? बांधून घातलंय का त्यांना?”

मी खोडून लिहिलं, ‘ओबामा यांना शपथ देण्यात आली’.

“कोणी दिली?”

“सर, सरन्यायाधीश रॉबर्ट्स.”

“मग घेतली कोणी? बातमी कोणाची आहे? शपथ घेतो तो माणूस वाक्यात पहिला बसला पाहिजे.”

तोपर्यंत मी ‘स्वॉर्न इन’ला एक सरळसोट शब्द समजत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तो उलगडून पाहिला. ‘स्वेअर’ म्हणजे शपथ घेणे. हे ज्याचं त्यानेच करायचं. पण त्याला ‘इन’ जोडलं की क्रियापद उलटतं. आता ते दुसरा कोणीतरी करतो आणि शपथ घेणारा कर्म होऊन बसतो. ‘रॉबर्ट्स स्वोअर इन ओबामा’. वाक्यात कर्ता रॉबर्ट्स, प्रत्यक्षात बोलायचं ओबामांनी. त्या ‘इन’मध्ये उंबरठा आहे, शपथेच्या वाटेने पदाच्या आत घेतल्याचा भाव आहे. इंग्रजी वाचकाला ते खटकत नाही. उलट राजकीय बातम्यांत हा शब्द इतका घासला गेलाय की ‘सरकार आलं’, ‘मंत्री झाले’, ‘कारभार सुरू झाला’ या सगळ्यांसाठी तोच चालतो. मथळ्यात मावतोही. शपथ मात्र त्यातून जवळजवळ विरून जाते.

मराठीत तसं विरू देता येत नाही. आपल्याकडे शपथ देणं वेगळं, घेणं वेगळं. आणि घालणं तर आणखी वेगळं. लहानपणी कोणी गळ्याची शपथ घातली की ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करत आपण मागे धावायचो, कारण ती न विचारता आपल्यावर पडलेली असायची. घेतलेली शपथ तशी कोणी सोडवू शकत नाही. शपथ आणि शाप हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘शप्’ या एकाच धातूतून आलेत, आणि इंग्रजीतही ‘स्वेअर’चा एक अर्थ शपथ, दुसरा शिवीगाळ. तोंडातून निघालेल्या शब्दाला बळ असतं, हे दोन्ही भाषांना फार पूर्वीपासून ठाऊक असावं असं मला वाटतं.

शेवटी मथळा झाला: ‘ओबामांनी घेतली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ’. डाक आवृत्तीसाठी भविष्यकाळ, शहर आवृत्तीसाठी भूतकाळ, अशी दोन्ही पानं तयार ठेवली आणि आम्ही टीव्हीसमोर जमलो.

साडेदहा वाजून काही मिनिटं झाली होती. आधी ज्यो बायडेन यांना न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी उपाध्यक्षपदाची शपथ दिली होती. मग रॉबर्ट्स आणि ओबामा समोरासमोर आले. अमेरिकेच्या संविधानात राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचा मजकूर जसाच्या तसा दिलेला आहे. इंग्रजीत अवघे ३५ शब्द. रॉबर्ट्स तुकड्या-तुकड्याने सांगणार आणि ओबामा मागोमाग म्हणणार. पहिल्याच तुकड्याला दोघं एकमेकांच्या बोलण्यावर चढले. पुढचा तुकडा सांगताना रॉबर्ट्स यांनी ‘फेथफुली’ म्हणजे ‘निष्ठापूर्वक’ हा शब्द त्याच्या जागेवरून काढून वाक्याच्या शेवटी नेला. ओबामा ‘आय विल एक्झिक्यूट’पर्यंत आले आणि थांबले. त्यांना मजकूर पाठ होता, चूक त्यांच्या लक्षात आली होती. रॉबर्ट्स यांनी सावरायचा प्रयत्न केला, पण अखेर ओबामांनीही ‘फेथफुली’ शेवटीच म्हटलं.

आमच्या खोलीत कोणी काहीच बोललं नाही. मग सर म्हणाले, “लिही.”

काय लिहू? मूळ शपथ मराठीत आणली तर होते, ‘मी निष्ठापूर्वक राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार पाहीन’. चुकलेली आणली तर ‘मी राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार निष्ठापूर्वक पाहीन’. दोन्ही वाक्यं शुद्ध, दोन्हींचा अर्थ तोच. मराठी वाचक विचारणार, यात चुकलं काय? आपली भाषा क्रियाविशेषणाला वाक्यात कुठेही बसू देते. ज्या चुकीने अख्खा समारंभ क्षणभर अडखळला, ती माझ्या भाषेत दिसतच नव्हती. मी तीन-चार प्रकारे लिहून पाहिलं. शहर आवृत्ती थांबणार नव्हती. शेवटी एकच ओळ गेली: ‘शपथ देताना सरन्यायाधीशांकडून शब्दांचा क्रम चुकला.’

पान सोडल्यावर मी सरांना विचारलं, “मग ते राष्ट्राध्यक्ष झाले की नाही?”

ते म्हणाले, बारालाच झाले. तिथल्या संविधानाच्या विसाव्या दुरुस्तीनुसार जुन्या राष्ट्राध्यक्षाची मुदत २० जानेवारीला दुपारी बाराला संपते आणि नव्याची सुरू होते. शपथ काही मिनिटं उशिरा झाली तरी पद थांबत नाही. पण पदाचा कारभार हाती घेण्यापूर्वी शपथ घेतलीच पाहिजे, असंही तेच संविधान सांगतं. म्हणजे माझ्या बातमीतलं ‘शपथ घेऊन ते राष्ट्राध्यक्ष झाले’ हे वाक्य काटेकोर नव्हतं. ते वाक्य मी इंग्रजी मजकुरावरूनच उचललं होतं.

त्या रात्री घरी जाण्याऐवजी मी भारताचं संविधान काढून बसले. अनुच्छेद १६४ मध्ये मंत्र्याने पद ग्रहण करण्यापूर्वी राज्यपालाने त्याला पदाची आणि गोपनीयतेची शपथ द्यायची असं आहे, मजकूर तिसऱ्या अनुसूचीत. आमदारांची शपथ अनुच्छेद १८८ मध्ये. तिथे इंग्रजीत ‘मेक अँड सबस्क्राइब’ असे शब्द आहेत, आणि त्यातल्या ‘सबस्क्राइब’चा अर्थ खाली सही करणे. शपथ न घेता सभागृहात बसलं किंवा मतदान केलं तर दर दिवसाला ५०० रुपये दंड, हे अनुच्छेद १९३. ज्यांना ईश्वराचं नाव घ्यायचं नाही त्यांच्यासाठी ‘ॲफर्म’, ज्याला कायद्याच्या मराठीत दृढकथन म्हणतात. अमेरिकेतही ती सोय पहिल्यापासून आहे आणि १८५३ मध्ये फ्रँकलिन पिअर्स यांनी ती वापरली. त्यांच्याबद्दल ‘स्वॉर्न इन’ लिहिलं तर शब्दशः ते चुकीचंच, पण इंग्रजी लेखनात ते सर्रास चालतं.

आपल्या शपथविधीतलं मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच आहे. राज्यपाल फक्त ‘मी’ एवढंच म्हणतात आणि पुढचं सगळं मंत्री स्वतः वाचतो. देणं एका अक्षराचं, बाकी घेणं. १९८९ मध्ये राष्ट्रपती भवनात हरियाणाचे नेते देवीलाल मंत्रिपदाची शपथ घेताना ‘मंत्री’च्या जागी ‘उपप्रधानमंत्री’ म्हणाले. राष्ट्रपती वेंकटरामन यांनी दुरुस्त केलं तरी ते तेच म्हणाले. असं पद संविधानात नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने ते नुसतं वर्णन मानलं आणि शपथ वैध ठरवली. उपमुख्यमंत्री शपथ घेतात तीही मंत्री म्हणूनच. ‘स्वॉर्न इन ॲज डेप्युटी’ असं कुठे वाचलं की मला ते आठवतं.

२२ तारखेला सकाळी उठले तर बातमी आली होती. अमेरिकेतल्या २१ तारखेच्या संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये ओबामांनी शपथ पुन्हा घेतली होती. रॉबर्ट्स काळा झगा घालून आले होते. बायबल नव्हतं. ३५ शब्द, या वेळी ओळीने. पहिल्या शपथेबद्दल कोणाला शंका उरू नये, एवढ्यासाठी.

संध्याकाळी सरांनी मला चौकट लिहायला दिली. इंग्रजी वाक्य मी देवनागरीत एकाखाली एक असं दोनदा छापलं, योग्य आणि चुकलेलं, ‘फेथफुली’ दोन्हीकडे ठळक. भाषांतर केलंच नाही. त्यामुळे चूक डोळ्यांना दिसली. शेवटचं वाक्य मी लिहिलं होतं, ‘रॉबर्ट्स यांनी चूक दुरुस्त करून पुन्हा शपथ दिली.’

सरांनी वाचलं आणि पेन्सिल त्या वाक्यावर ठेवली. “हे अर्धंच झालं. चुकीच्या क्रमाने बोलले तर तेही होते.”

मी पुढे जोडलं, ‘आणि ओबामांनी ती पुन्हा घेतली.’ पान सुटलं.