ही मालिका मुलांसमोर लावावी का?

आमच्या सोसायटीत नवे कुटुंब राहायला आले की महिन्याभरात कुणीतरी त्यांच्या कानावर घालते की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू झाडून सगळ्या मालिका पाहतात, आणि मग जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी किंवा हळदीकुंकवाला मला हमखास एकच प्रश्न विचारला जातो: अमुक मालिका मुले घरात असताना लावावी का? विचारणाऱ्या बहुतेक जणी स्वतः ती मालिका चवीने पाहत असतात, त्यामुळे त्यांना माझे मत हवे असते की परवानगी, हे मला आजवर उमगलेले नाही. तरीही तुम्ही विचारलेत म्हणून, जिन्यातल्या दोन मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथे सविस्तर लिहिते.

मी मालिकांच्या विरोधातली नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. 1999 मध्ये अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली तेव्हा बँकेतून घरी येऊन, एकीकडे कुकर लावून, मी ती शाळकरी मुलाला शेजारी बसवून पाहिली आहे. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी असलेले नाते हाच त्या कथेचा कणा होता, पण ही मालिका मुलांना दाखवावी की नाही, असा प्रश्न त्या काळी आमच्या चाळीत कुणालाही पडला नव्हता. पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. तिच्या बाबतीत तर हा प्रश्न संभवतच नव्हता, कारण आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाला तिच्यात आपापल्या वयाचे माणूस भेटत होते. आजही कुणी मला एकच नाव सांगा म्हटले तर मी डोळे मिटून तेच सांगते, आणि समोरची व्यक्ती “ती जुनी झाली हो” असे म्हणून पुन्हा मूळ मालिकेवर येते.

चित्रपटाला प्रदर्शनाआधी प्रमाणपत्र घ्यावे लागते, तसे रोजच्या मालिकेला घ्यावे लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे; तिच्यात स्त्रियांची आणि मुलांची अप्रतिष्ठा करू नये, अंधश्रद्धेला खतपाणी घालू नये, आणि मुलांना अयोग्य असलेले कार्यक्रम जास्तीत जास्त मुले टीव्हीसमोर असतात त्या वेळी दाखवू नयेत, असे सांगितले आहे. 2011 मध्ये वाहिन्यांच्या संघटनेने स्वतःची नियमावली आणि तक्रार परिषद उभी केली; पडद्याच्या तळाशी तक्रारीच्या पत्त्याची जी पट्टी अधूनमधून सरकत जाते, ती त्या व्यवस्थेची. त्या नियमावलीनुसार कार्यक्रमांचे सर्वसाधारण आणि मर्यादित असे दोनच वर्ग आहेत आणि मर्यादित वर्गातले कार्यक्रम रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत दाखवायचे असतात. आता आपल्याकडच्या भुताखेतांच्या आणि खुनांच्या मालिका रात्री साडेदहाला लागतात, हे लक्षात घेतले की गंमत कळते: अर्ध्या तासाच्या फरकाने त्या सर्वसाधारण ठरतात. मोबाइलवरच्या ॲपसाठी मात्र 2021 च्या नियमांनी यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ आणि ए अशी पाच वयांची वर्गवारी घालून दिली आहे, त्यामुळे हॉलमधल्या टीव्हीवर ज्या भागाच्या वयाविषयी कुणी काही बोलत नाही, तोच भाग नातवाच्या हातातल्या फोनवर उघडला की कोपऱ्यात वयाची खूण झळकते.

या खुणा निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, परंतु रक्त, शिव्या, शय्यादृश्ये आणि व्यसने मोजून दिलेली खूण ज्या गोष्टींविषयी काहीच सांगत नाही, त्याच गोष्टींनी मला या पंचवीस वर्षांत अधिक अस्वस्थ केले आहे.

उदाहरणासाठी ‘देवमाणूस’ घेऊ, कारण सर्वाधिक विचारणा तिच्याविषयी झाली. ऑगस्ट 2020 ते ऑगस्ट 2021 या काळात, म्हणजे शाळा बंद आणि मुले चोवीस तास घरात असताना, झी मराठीवर रात्री साडेदहाला ही मालिका लागत असे. अजितकुमार देव नावाचा तोतया डॉक्टर गावाचा विश्वास संपादन करतो आणि माणसे संपवत जातो, असे तिचे कथानक. वाईजवळच्या धोम गावात 2016 मध्ये उघडकीला आलेल्या खूनसत्राशी तिचे नाते असल्याची चर्चा सगळीकडे होती. शाळेची सकाळची घंटा नाही म्हटल्यावर मुले साडेदहाला जागीच असत, आणि त्यांना पडद्यासमोर खेचून आणायला मालिकेतल्या सरू आजीच्या तिरकस म्हणी पुरेशा होत्या. समोरच्या फ्लॅटमधला आठ वर्षांचा मुलगा आजीच्या कुशीत बसून ती रोज पाहत असे, आणि त्याच्या आईने माझ्याकडे काळजीने दोनदा विषय काढला होता. पुढे दाढ दुखते म्हणून त्याला दंतवैद्यांकडे नेले, तेव्हा खुर्चीत बसण्याआधी त्याने डॉक्टरांना अत्यंत नम्रपणे विचारले, “तुमचे सर्टिफिकेट दाखवता का?” डॉक्टर हसले, भिंतीवरची तसबीर काढून त्यांनी त्याच्या हातात दिली, त्याने नाव आणि नोंदणी क्रमांक अक्षर अन् अक्षर लावून वाचला आणि मगच तोंड उघडले. त्या मुलाने त्या वर्षभरात आजीला विचारलेल्या प्रश्नांची यादी केली असती तर वही भरली असती: लोक पोलिसांकडे का जात नाहीत, खरा डॉक्टर कसा ओळखायचा, चांगला बोलणारा माणूस वाईट असू शकतो का. लहानग्यांनी ती मालिका पाहावी असे मी सुचवणार नाही, झोपेच्या दृष्टीनेही नाही, पण तिने त्याचे काही नुकसान केले असे मला दिसले नाही, कारण जे चालले आहे ते वाईट आहे हे त्याला प्रत्येक क्षणी कळत होते.

याच्या अगदी उलट अनुभव मला ‘उंच माझा झोका’ने दिला, आणि तो मी कधी विसरणार नाही. रमाबाई आणि महादेव गोविंद रानडे यांच्या सहजीवनावरची ही मालिका 2012 मध्ये सुरू झाली, तेव्हा घरोघरी एकमुखाने निकाल लागला होता की मुलींना ही दाखवलीच पाहिजे. मीही माझ्या दहा वर्षांच्या भाचीला मुद्दाम बोलावून घेत असे. छोटी रमा साऱ्यांची लाडकी होती, परकर-पोलक्यातले तिचे बागडणे पाहून आम्ही बायका हरखून जात होतो. लग्नाचा भाग झाला त्या संध्याकाळी भाचीने विचारले की रमा किती वर्षांची आहे, आणि तो किती. रमाबाईंचा जन्म 1862 चा, रानड्यांचा 1842 चा आणि लग्न 1873 चे, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने बोटांवर हिशेब केला. “म्हणजे ती माझ्याएवढी आणि तो जवळजवळ बाबांएवढा,” ती म्हणाली, आणि थोडे थांबून, “तिला कुणी विचारले होते का?”

सुधारकांच्या घरातही त्या काळी काय चालत असे, स्वतः रानड्यांनी वडिलांपुढे मान कशी तुकवली, पुढे याच रमाबाईंनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन कसे उभे केले, हे सगळे मी तिला सांगितले. त्यासाठी जेवण तासभर लांबले आणि तिच्या आईचा दोनदा फोन आला. मालिका अयोग्य होती असे माझे म्हणणे अजिबात नाही, उलट ती माझ्या आवडत्या पाचांत आहे. पण मी शेजारी नसते तर त्या मुलीने लग्नाचा तो सोहळा, सनईचौघडे आणि दागिने एवढेच पाहिले असते, आणि आम्ही मोठ्या बायकांनी तरी दुसरे काय पाहिले होते?

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ 2020 च्या फेब्रुवारीत संपत आली, तेव्हा शेवटचे भाग मुलांना दाखवावेत का, यावर आमच्या भिशीत बराच खल झाला. मी एवढेच म्हटले की 11 मार्च 1689 ला काय झाले हे मराठी घरातल्या मुलाला आज ना उद्या कळणारच आहे, तेव्हा ते एकट्याने कळण्यापेक्षा चारचौघांत कळलेले बरे.

आता ज्या मालिकांविषयी मला कुणीच विचारत नाही, त्यांच्याकडे येते. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, स्वयंपाक चालू असताना आणि मुले अभ्यासाची वही हॉलमध्येच घेऊन बसलेली असताना लागणाऱ्या या मालिकांत रक्ताचा थेंब दिसत नाही, कुणी दारू पीत नाही, आणि प्रत्येकीच्या पदराची घडी चापूनचोपून बसवलेली असते. वर्गवारीच्या दृष्टीने त्या निर्मळ आहेत. त्यांत फक्त एक बाई दुसऱ्या बाईला दिवसाआड अपमानित करत असते. एखादी सून तीनशे भाग घरच्यांची बोलणी ऐकून घेते, तिच्या माहेरची गरिबी रोज काढली जाते, रंगावरून टोमणे बसतात, आणि आठवड्याला कधीतरी पाच मिनिटे ती ताठ उभी राहिली की पार्श्वसंगीत वाजते. सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकदा दाखवलेला खून मुलाला धक्का देतो आणि तो त्याविषयी बोलतो. रोज दाखवलेला अपमान त्याला धक्का देत नाही, कारण तो त्याला घरातल्या घड्याळासारखा होऊन जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या मजल्यावर एक सहा वर्षांची गोड मुलगी आहे. तिच्या घरी ‘सहकुटुंब बघण्यासारखी’ म्हणून एकच मालिका नेमाने लागत असे. त्या मालिकेचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तिच्यासारख्या आणखी सहा होत्या. एके दिवशी मी वाटी परत द्यायला गेले, तेव्हा धुणीभांड्याला येणाऱ्या मावशी फरशी पुसत होत्या आणि ही चिमुरडी सोफ्यावर उभी राहून, एक भुवई वर चढवून, त्यांना म्हणाली, “आपली पायरी ओळखून राहायचं.” शब्दोच्चार स्वच्छ होते, शेवटचे विरामसुद्धा जागच्या जागी होते. मावशी हसल्या, आजी कौतुकाने हसली, आणि मी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. त्या मुलीला कुणीही आजवर विचारले नव्हते की ती मालिका बघून तुला काही प्रश्न पडतात का, पडतही नसावेत.

योग्य-अयोग्याचा प्रश्न फक्त मुलांच्या बाबतीत विचारला जातो, हेही मला पटत नाही. ‘आई कुठे काय करते’ पाच वर्षे चालली, त्यातली बहुतेक मी सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिली. अनिरुद्धने संजनासाठी अरुंधतीचा संसार मोडला तेव्हा त्यांनी पुरुषांचे असेच असते म्हणून सोडून दिले. पण आशुतोषशी अरुंधतीचे लग्न ठरू लागले, तसे त्यांनी चॅनेल बदलायला सांगितले. मुले लग्नाची झाल्यावर हे काय, घरात दाखवण्यासारखे आहे का, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. मी बदलले नाही, फक्त आवाज कमी केला. तीनेक आठवडे त्या पाठ फिरवून जप करत बसत, आणि जपमाळ मध्येच थांबलेली मला दिसत असे. मग एका संध्याकाळी अनिरुद्ध त्या लग्नावरून तावातावाने बोलू लागला, तेव्हा पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, “तू केलंस तेव्हा तुला कुणी अडवलं होतं का रे?” त्यानंतर आवाज पूर्ववत केला तरी त्यांनी हरकत घेतली नाही.

राहिल्या दोन व्यवहारातल्या गोष्टी. पहिली म्हणजे मालिकेपेक्षा प्रोमोवर लक्ष ठेवा. साडेदहाच्या मालिकेतला सर्वांत भयंकर अर्धा मिनिट सातच्या मालिकेच्या मध्यंतरात दाखवला जातो, आणि त्यात आगापिछा काही नसल्याने मुलाला तो मूळ भागापेक्षा अधिक छळतो. ‘रात्रीस खेळ चाले’च्या दिवसांत माझी शेजारीण मुलाला ती मालिका कधीच बघू देत नसे, आणि तरी तो रात्री बाथरूमपर्यंत एकटा जात नसे. दुसरी गोष्ट दुपारच्या पुनःप्रक्षेपणाची: रात्री उशिरा ठेवलेली मालिका दुसऱ्या दिवशी भरदुपारी पुन्हा लागते, तेव्हा वेळेच्या नियमाचा उपयोग उरत नाही. सुट्टीत मुले आजी-आजोबांकडे असतील तर आधी ते वेळापत्रक पाहून घ्या.

गेल्या महिन्यात पाचव्या मजल्यावर राहायला आलेल्या मुलीनेही मला जिन्यात गाठून सातच्या एका मालिकेविषयी विचारले. तिची लेक पहिलीत आहे आणि सासूबाईंबरोबर ती रोज बघते. मी तिला उलट विचारले की बघताना लेक काय काय विचारते. “काहीच नाही हो काकू, अगदी शहाण्यासारखी शांत बसते,” ती समाधानाने म्हणाली. मी तिला सांगितले की रविवारी महाएपिसोड आहे, तो लेकीच्या शेजारी बसून तू बघ, मीही येते. चहा तेवढा मला बिनसाखरेचा कर.